सीरियातला छळ आणि जर्मनीतलं कोर्ट: ओळखलेल्या माणसाचं पुढे काय होतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही स्टुटगार्टजवळ एका कारखान्यात नोकरी करता. तुमच्या पाळीतला एक सीरियन सहकारी २०१३ मध्ये दमास्कसच्या एका गुप्तचर शाखेत काही महिने कोंडलेला होता. हल्लीच त्याला इथल्या सुपरमार्केटमध्ये तिथला एक अधिकारी दिसला. तो म्हणतो, शंभर टक्के तोच. तुमचं विचारणं असं की गुन्हा सीरियात झाला, करणारा सीरियन, भोगणारा सीरियन, मग जर्मन कोर्टाचा यात काय संबंध? तक्रार केलीच तर खरंच काही होतं, की नुसता कागद फाइलला लागतो? आणि जाता जाता असंही विचारलंत, की भारतात असा खटला उभा राहिला असता का.

मी मुंबईत काही वर्षं फौजदारी वकिली केली आणि त्यानंतर बराच काळ बर्लिनमध्ये अशाच खटल्यांत पीडितांच्या बाजूने काम करते आहे. कोर्टात उभे राहतात ते जर्मन वकील. माझं काम त्याच्या आधीचं: माणसाबरोबर बसायचं, त्याच्या आठवणींचा कालक्रम लावायचा, कागद गोळा करायचे आणि पुढे काय काय होणार आहे ते त्याला न घाबरवता पण न लपवता सांगायचं. तेव्हा उत्तर त्याच अंगाने देते. सहकाऱ्याची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्याच्या बाबतीत नक्की काय होईल हे मी इथे बसून सांगू शकत नाही.

कायद्याचा भाग तसा लवकर आटपतो. काही गुन्हे असे मानले गेलेत की ते कुठेही झाले तरी कुठल्याही देशाला त्यांचा खटला चालवता यावा. समुद्रावरची चाचेगिरी हे त्याचं सगळ्यात जुनं उदाहरण. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी गंभीर युद्धगुन्ह्यांसाठी आणि १९८४ च्या छळविरोधी कराराने छळासाठी तसंच ठरवलं: आरोपी तुमच्या हाती लागला तर एक तर खटला चालवा, नाही तर चालवणाऱ्याच्या ताब्यात द्या. याला युनिव्हर्सल ज्युरिस्डिक्शन म्हणतात, मराठीत वैश्विक अधिकारक्षेत्र. बरीच वर्षं हे कागदावरच होतं. ऑक्टोबर १९९८ मध्ये चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे लंडनला उपचारासाठी आलेले असताना स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर त्यांना अटक झाली, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. ब्रिटनच्या सर्वोच्च पीठाने छळाच्या आरोपाला माजी राष्ट्रप्रमुखपदाचं कवच चालणार नाही असं ठरवलं. पुढे मार्च २००० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्यांना घरी जाऊ दिलं, पण तो निकाल जगभरच्या वकिलांनी जपून ठेवला.

जर्मनीचा कायदा ३० जून २००२ पासून लागू आहे. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे जगात कुठेही घडले आणि जर्मनीशी त्यांचा काडीचाही संबंध नसला, तरी इथल्या कोर्टाला खटला चालवता येतो. या गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नाही. मात्र कायदा मागे जाऊन लागत नाही, म्हणजे १९८२ च्या सीरियातल्या हमा शहरातल्या कत्तलीला तो उपयोगाचा नाही. तुमच्या सहकाऱ्याची घटना २०१३ ची, त्यामुळे तारखेची अडचण नाही. पदाचं संरक्षण? राष्ट्रप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री पदावर असेपर्यंत परक्या देशाच्या कोर्टाने हात लावायचा नाही, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम खटल्यात सांगितलं. फ्रान्सने सीरियाचा राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद याच्यावर काढलेलं वॉरंट जुलै २०२५ मध्ये रद्द झालं ते याच कारणाने. वॉरंट निघालं तेव्हा तो गादीवर होता. तुरुंगातल्या किंवा गुप्तचर शाखेतल्या अधिकाऱ्याला ही ढाल मिळत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये एका अफगाण लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्यात तसं म्हटलं आणि २०२४ मध्ये ते कायद्यातच घातलं गेलं.

म्हणजे ‘चालवता येतो का’ याचं उत्तर होय. आता ‘चालवतील का’. इथे मात्र बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं.

हे खटले स्थानिक पोलीस ठाण्यात ठरत नाहीत. तपास संघीय गुन्हे पोलिसांचं एक खास पथक करतं आणि निर्णय कार्ल्सरुहेला बसणारे संघीय सरकारी वकील घेतात. आरोपी जर्मनीत नसेल आणि येण्याची शक्यताही नसेल, तर त्यांना प्रकरण बाजूला ठेवता येतं आणि त्या निर्णयाला आव्हान देण्याची वाट जवळजवळ बंद आहे. इराकमधल्या अबू घरीबच्या तुरुंगातल्या छळाबद्दल अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्याविरुद्ध जर्मनीत दोनदा तक्रारी झाल्या, २००४ आणि २००६ मध्ये. दोन्ही वेळा प्रकरण पुढे गेलं नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या बाबतीत आरोपी शेजारच्या दुकानात दूध घेतो आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. सरकारी वकिलांना पहिला प्रश्न पडतो तो हाच, की माणूस हाताशी आहे का.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे आधीच काय जमा आहे. २०११ पासून इथे सीरियाबद्दल एक व्यापक तपास चालू आहे. त्यात कोणी एक आरोपी नाही. कुठल्या शाखेत काय चालायचं, कोण कोणाला जबाब द्यायचं, कैदी कुठून कुठे न्यायचे, हे सगळं वर्षानुवर्षं गोळा करून ठेवलंय. नंतर एखादा चेहरा समोर आला की त्याचं चित्र त्या चौकटीत बसतं का ते पाहिलं जातं. ‘सीझर’ या नावाने ओळखला गेलेला लष्करी छायाचित्रकार २०१३ मध्ये हजारो फोटो घेऊन सीरियातून निसटला. त्या फोटोंमध्ये कोठडीत मेलेले किमान ६,७८६ लोक आहेत असा ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेचा हिशेब आहे. प्रत्येक प्रेतावर किंवा शेजारच्या कार्डावर आकडे लिहिलेले: एक कैद्याचा, एक शाखेचा, एक शवतपासणीचा. कारकुनी शिस्त म्हणून लिहिलेला तो शाखेचा आकडा पुढे पुरावा ठरला. कोलोनच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी फोटो तपासून कोर्टात साक्ष दिली, तेव्हा कुठल्या शाखेतले किती, त्यांच्यावर उपासमारीच्या आणि मारहाणीच्या खुणा काय, हे आकड्यांवरून मांडता आलं. म्हणूनच तुमच्या सहकाऱ्याला शाखेचा क्रमांक आठवत असेल, तर ती त्याच्याकडची सगळ्यात मोलाची माहिती असू शकते. मारहाणीच्या वर्णनापेक्षाही.

हे जरा उलटं वाटेल, म्हणून जर्मनीतल्या कोब्लेन्झ शहरातल्या खटल्याबद्दल थोडं सविस्तर सांगते.

अन्वर रसलान हा दमास्कसच्या अल-खतीब म्हणजे शाखा २५१ मधला चौकशी विभागाचा प्रमुख. २०१२ मध्ये त्याने राजवट सोडली, २०१४ मध्ये जर्मनीत आश्रय मिळाला. पूर्वी सीरियात पकडल्या गेलेल्या एका मानवाधिकार वकिलाने त्याला बर्लिनच्या निर्वासित केंद्रात पाहिलं. आधी कुठला चेहरा ते आठवेना, नंतर उलगडलं. गंमत म्हणजे २०१५ मध्ये रसलान स्वतःच बर्लिन पोलिसांकडे गेला. सीरियाचे हेर माझ्या मागावर आहेत, संरक्षण द्या, असं सांगताना आपण पूर्वी कोण होतो तेही त्याने लिहून दिलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! अटक झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये, खटला सुरू झाला एप्रिल २०२० मध्ये, १३ जानेवारी २०२२ रोजी जन्मठेप लागली. एकशे आठ दिवस कामकाज चाललं, ऐंशीहून जास्त साक्षीदार झाले.

रसलानने स्वतः कोणाला चाबूक मारला हे सिद्ध करायची गरज पडली नाही. कोर्टाने त्याला किमान चार हजार लोकांच्या छळासाठी आणि सत्तावीस खुनांसाठी सह-गुन्हेगार धरलं, कारण ज्या यंत्रणेत हे रोज घडत होतं तिच्या एका विभागाचा तो प्रमुख होता, त्याला हे माहीत होतं, आणि तिथे त्याचा हुकूम चालत होता. त्याच्याबरोबर पकडलेला इयाद अल-गरीब अगदी खालच्या पायरीवरचा. आंदोलनातून पकडलेल्या किमान तीस लोकांना बसमधून शाखेत नेण्यात त्याचा हात होता. त्याला २०२१ मध्ये साडेचार वर्षांची शिक्षा लागली, आणि त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात मोठा वाटा होता आश्रयाच्या वेळी आणि नंतर साक्षीदार म्हणून त्याने स्वतःच सांगितलेल्या गोष्टींचा.

तेव्हा माणूस पहारेकरी होता की चौकशी अधिकारी की आणखी कोणी, हा प्रश्न तुम्ही ‘किरकोळ तपशील’ म्हणून सोडू नका. पीडिताला स्वाभाविकपणे आपल्याला काय झालं ते सांगायचं असतं, आणि ते त्याने सांगावंच. पण खटला तुटतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला. छळ झाला हे आता कोर्टाला नव्याने पटवावं लागत नाही. हाच माणूस, त्याच काळात, त्याच इमारतीत, अमुक अधिकारात होता, हे पटवावं लागतं. बाकीचे त्याला काय म्हणून हाक मारायचे? तो खोलीत आला की पहारेकरी उभे राहायचे का? सही कोण करायचं? त्याचं ऑफिस कुठल्या मजल्यावर? डोळ्यांवर पट्टी होती तर आवाज कसा ओळखला, आणि पट्टी कधी, कोणी काढली? मी माणसाबरोबर बसते तेव्हा निम्मा वेळ असल्या प्रश्नांत जातो. एक कोरा कागद पुढे ठेवायचा आणि कोठडीचा नकाशा काढायला सांगायचा. पावलांनी मोजलेली लांबी, दार कुठे उघडायचं, संडास कुठे, वरच्या झरोक्यातून पाय दिसायचे की चाकं. बोलताना ज्याचा आवाज बसतो तोही माणूस पेन्सिल हातात घेतली की नेमकेपणाने बोलायला लागतो. शिवाय दोन अनोळखी साक्षीदारांनी वेगवेगळ्या वर्षी काढलेले नकाशे जुळले, की बचाव पक्षाच्या वकिलाला ते खोडायला जड जातं.

आता तुमच्या सहकाऱ्याने काय करावं. त्याआधी काय करू नये ते सांगते, कारण नुकसान तिथेच होतं.

त्या माणसाच्या मागे जाऊ नये. त्याचा पत्ता काढण्यासाठी दुकानाबाहेर थांबू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फेसबुकवर किंवा सीरियन लोकांच्या व्हॉट्सॲप गटांत ‘याला कोणी ओळखतं का’ म्हणून फोटो टाकू नये. एक तर माणूस सावध होतो आणि रातोरात दुसऱ्या देशात जातो. दुसरं म्हणजे ओळखीचा पुरावा नासतो. पोलीस पुढे त्याला फोटो दाखवतील, एकावेळी एक, किमान आठ वेगवेगळ्या माणसांचे. त्यातून त्याने योग्य चेहरा काढला तर त्याला वजन आहे. पण त्याआधी दोन आठवडे तो त्याच माणसाचे फोटो फोनवर मोठे करून पाहत बसला असेल, तर बचावाचा वकील एवढंच विचारेल: तुम्ही तुरुंगातला चेहरा ओळखलात की फेसबुकवरचा? या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं. शिवाय, आणि हे मी जरा जोरात सांगते, तो माणूस खरोखर दुसराच असू शकतो. दहा-बारा वर्षांत चेहरे बदलतात, आणि ज्याने इतकं सोसलंय त्याला ते चेहरे गर्दीत दिसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं व्हायला नको.

दुसऱ्या साक्षीदारांशी तपशिलांची देवाणघेवाण करू नये. सहकाऱ्याचा भाऊ किंवा मित्र त्याच शाखेत होता, तर दोघांनी मिळून आठवणी ‘पक्क्या’ करायचा मोह होतो. दोघांची साक्ष एका साच्यातली वाटायला लागते आणि दोन्ही कमकुवत होतात.

करायचं ते असं. आधी त्याने एकट्याने, अरबीतच, आठवेल ते लिहून काढावं आणि वर तारीख घालावी. दुकानात कधी, कुठे, किती अंतरावरून पाहिलं तेही. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहावं. मग या खटल्यांचा अनुभव असलेल्या वकिलाकडे किंवा पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे जावं. तक्रारीला वकील लागतोच असं नाही. कोणीही लेखी तक्रार देऊ शकतं आणि त्याला शुल्क नाही. म्हणजे कायद्याने तुम्हीही देऊ शकता. पण देऊ नका, निदान त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय. तुमच्या चांगुलपणाची किंमत त्याच्या घरच्यांनी मोजायची, असं होता कामा नये.

खर्चाची काळजी मात्र कमी करा. इथे पीडिताला खटल्यात सरकारी पक्षाच्या जोडीने सह-फिर्यादी म्हणून उभं राहता येतं, स्वतःचा वकील देऊन. २०२४ च्या सुधारणेनंतर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या पीडितांना हे सरळ मिळतं, वकिलाचा खर्च सरकार उचलतं आणि मानसिक आधारासाठी प्रशिक्षित व्यक्तीही सोबत मिळू शकते. पूर्वी यासाठी आडवाटेने जावं लागायचं. सह-फिर्यादी म्हणजे नुसती शोभेची खुर्ची, असं समजू नका. कोब्लेन्झमध्ये कोठडीतले लैंगिक अत्याचार आरोपपत्रात सुरुवातीला सुटे गुन्हे म्हणून होते. पीडितांच्या वकिलांनी अर्ज केला की हे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा भाग म्हणून धरा, आणि कोर्टाने ते धरलं. निकालातला तो भाग मला जन्मठेपेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जबाबाच्या दिवसाबद्दल थोडं. तपास पथकाचा जबाब सकाळी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालू शकतो, कधी दुसऱ्या दिवशीही. दुभाषी असतो. दुभाषी सीरियन बोली समजणारा हवा, आणि दुभाष्याच्या ओळखीपाळखीबद्दल शंका असेल तर ती सुरुवातीलाच बोलून दाखवायची. त्यात उद्धटपणा नाही. शेवटी सगळा जबाब परत अरबीत वाचून दाखवतात आणि पानापानावर सही घेतात. तोवर माणूस थकलेला असतो आणि ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत सह्या करत सुटतो. तिथे थांबायचं. ‘लोखंडी दांडा’चा ‘लाकडी’ झाला असेल तर तेव्हाच दुरुस्त करायचं, कारण दोन वर्षांनी कोर्टात तो फरक साक्षीदाराच्या तोंडावर फेकला जातो.

त्याहून मोठा धोका आहे आश्रयाच्या फाइलचा. जर्मनीत आल्यावर त्याची मुलाखत झाली असेल, तिचा लेखी वृत्तांत असेल. बचाव पक्ष तो मागवतो आणि ओळ न ओळ ताडून बघतो. तेव्हा तो नुकता आलेला, घाबरलेला, घाईत बोललेला असेल. काही गोष्टी लाजेने सांगितल्या नसतील, महिने चुकले असतील. हरकत नाही. कोर्टाला हे समजतं, फक्त ते आधी आपल्या तोंडून यायला हवं. जबाबाआधी ती जुनी फाइल मागवून वकिलाबरोबर वाचायची आणि जे तिथे वगळलं होतं ते, आणि का वगळलं ते, आपणहून सांगायचं. साक्ष पढवण्याबद्दल मी बोलत नाहीये. पढवलेला साक्षीदार इथले न्यायाधीश पहिल्या तासात ओळखतात.

घरच्यांचं काय, हा तुम्ही न विचारलेला पण सहकाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न असणार. कोब्लेन्झच्या वेळी असद सत्तेवर होता. काही साक्षीदारांनी सीरियातल्या नातेवाइकांच्या भीतीने शेवटच्या क्षणी माघार घेतली. सामूहिक दफनांचं काम बळजबरीने करावं लागलेल्या एका साक्षीदाराने नाव न सांगता, चेहरा झाकून साक्ष दिली. ८ डिसेंबर २०२४ ला ती राजवट कोसळली, त्यामुळे जुनी भीती बरीच कमी झाली. पण जुन्या अधिकाऱ्यांचे नातेवाईक, गाव, हत्यारं तिथेच आहेत, म्हणून ‘आता काय घाबरायचं’ असं तुम्ही त्याला म्हणू नका. नाव-पत्ता झाकून ठेवण्याची विनंती पहिल्या जबाबाआधी करायची असते. एकदा नाव फाइलमध्ये गेलं की ते आरोपीच्या वकिलालाही दिसतं, आणि मग झाकून उपयोग नाही. त्याच्या स्वतःच्या निर्वासित दर्जाचं काय होईल हा वेगळा विषय, तो स्थलांतराच्या वकिलाकडेच न्यावा.

वेळ किती लागेल? वर्षं. रसलानला ओळखल्यापासून अटकेपर्यंतच जवळपास पाच वर्षं गेली. सीरियातल्या लष्करी रुग्णालयांत कैद्यांचा छळ करणारा डॉक्टर अला एम. जर्मनीत अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून नोकरी करत होता. जून २०२० मध्ये अटक, जानेवारी २०२२ मध्ये फ्रँकफर्टला खटला सुरू, आणि जन्मठेप जून २०२५ मध्ये. खटल्याचा एवढा काळ साक्षीदार आपलं आयुष्य धरून ठेवू शकत नाही. मी सगळ्यांना सांगते: नोकरी, लग्न, मुलांच्या शाळा, जे ठरवलंय ते करा, निकालाची वाट बघत बसू नका. आणि शिक्षा होईलच असंही नाही. ब्रिटनमध्ये नेपाळी लष्कराचे कर्नल कुमार लामा यांच्यावर छळाचा खटला चालला. २०१३ मध्ये अटक झाली, २०१६ मध्ये एका आरोपातून ते निर्दोष सुटले, दुसऱ्यावर ज्युरींचं एकमत झालं नाही आणि पुन्हा खटला चालवायचा नाही असं ठरलं. शिक्षा झाली तरी ती टिकेलच असंही नाही. स्वीडनने इराणच्या हमीद नूरीला १९८८ च्या राजकीय कैद्यांच्या हत्याकांडाबद्दल २०२२ मध्ये जन्मठेप दिली आणि जून २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो तेहरानला परतला. साक्षीदारांना ते कळलं ते बातम्यांतून.

‘छोटे मासे गळाला, मोठे मोकळे’ हा टोमणा तुम्हीही मारलाय. तो बऱ्याच अंशी खरा आहे. बेल्जियमचा १९९३ चा कायदा या बाबतीत सगळ्यात उदार होता. बड्या देशांच्या नेत्यांविरुद्ध तक्रारी यायला लागल्या, अमेरिकेने नाटोचं मुख्यालय हलवण्याची भाषा केली आणि २००३ मध्ये तो कायदा गुंडाळला गेला. पण उलट उदाहरणंही आहेत. चाडचा माजी राष्ट्राध्यक्ष हिसेन हाब्रे याला पीडितांनी पाव शतक पाठपुरावा करून सेनेगलमध्ये कोर्टापुढे उभं केलं आणि २०१६ मध्ये जन्मठेप लागली. एका आफ्रिकी देशात, आफ्रिकन युनियनच्या पाठिंब्याने उभ्या केलेल्या कोर्टात. फ्रँकफर्टच्या कोर्टाने २०२१ मध्ये इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्य समाजाच्या वंशसंहाराबद्दल ज्याला जन्मठेप दिली, तो इराकी माणूस जर्मनीत राहतही नव्हता. त्याला ग्रीसमधून आणलं होतं. इराकमधल्या फलुजा शहरात उन्हात बांधून ठेवलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा तो खटला. तिची आई साक्षीला उभी राहिली. मोठा मासा सुटला म्हणून हा खटला नको होता, असं तिला कोण सांगणार?

शेवटचा प्रश्न, भारत. थोडक्यात सांगायचं तर चाचेगिरीसाठी होय, छळासाठी नाही. मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रुएन’ या जहाजावरून पकडलेले पस्तीस सोमाली चाचे आयएनएस कोलकाताने मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले. २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता. त्याआधी १९९९ मध्ये ‘अलाँड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज पळवणाऱ्यांना पकडलं होतं, तेव्हा असा कायदाच नव्हता. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये शिक्षा दिली, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. कायदा नसला की काय होतं ते आपल्याच बंदरात पाहायला मिळालं. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अजून तो मंजूर करून कायदा केलेला नाही. मानवतेविरुद्धचे गुन्हे नव्या भारतीय न्याय संहितेतही नाहीत. १९६० चा जिनिव्हा करार कायदा कोणाही माणसाच्या, कुठेही केलेल्या गंभीर युद्धगुन्ह्याला शिक्षा सांगतो, पण त्याखाली कोर्ट दखल घेतं ते सरकारने तक्रार केली तरच. तुमच्या सहकाऱ्याने त्या अधिकाऱ्याला पुण्याच्या एखाद्या मॉलमध्ये ओळखलं असतं, तर मी त्याला फार तर त्या माणसाच्या व्हिसाबद्दल अर्ज लिहून दिला असता.

तर आधी सहकाऱ्याला एवढंच विचारा, की त्याला हे करायचं आहे का. ‘नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे आणि ते सहा महिन्यांनी बदलू शकतं; मुदत संपत नाही. ‘हो’ म्हणाला तर मला लिहा, मी बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे तुमच्या राज्यात, कोणाकडे जायचं ते सांगेन. लिहिताना त्याचं नाव, त्या माणसाचं नाव, दुकान किंवा गाव, यातलं काहीही घालू नका.